‘लग्नाच्या धंद्यात आता कोण वाचतंय?’

गेल्या महिन्याभरात हा मजकूर मला पाच गटांवर आला. एकदा मांडववाल्यांच्या, दोनदा फोटोग्राफरांच्या, एकदा मेहंदीवाल्या मैत्रिणींच्या आणि शेवटी आमच्या घरच्याच गटावर, आप्पांनी पाठवलेला. खाली ‘जास्तीत जास्त पुढे पाठवा’ होतंच. मजकुराचा सार असा: लग्नाच्या धंद्यात लिहिण्याचे दिवस संपले. वेबसाइट, ब्लॉग हे पुण्या-मुंबईवाल्यांचे चोचले. आपल्याकडचं गिऱ्हाईक वाचत नाही, रोज एक रील टाका, सीझन फुल. दर कुठेही लिहू नका, नुसतं ‘मेसेज करा’ म्हणा. आणि लिहायचीच हौस असेल तर एआयकडून महिन्याला शंभर लेख काढून घ्या, त्यात सगळ्या तालुक्यांची नावं घाला. फोटो नेटवरून उचला, कोण बघतंय!

आमचं पाचोऱ्याला बिछायतीचं दुकान आहे. लहानपणी गाद्या आणि लोड मोजले, आता जळगाव-धुळ्याकडच्या कार्यालयांना, आचाऱ्यांना, फोटोग्राफरांना मजकूर लिहून देते. म्हणजे या भांडणात माझं पोट अडकलेलं आहे, हे आधीच कबूल. तरीही आप्पांना जे फोनवर सांगितलं तेच इथे सांगते.

‘आपल्याकडचं गिऱ्हाईक वाचत नाही.’ लग्नपत्रिका आठवा. चाळीसगाव असो की शहादा, पत्रिका हातात पडली की माणूस आधी काय करतो? खालची नावांची रांग वाचतो. निमंत्रकांत कोण, कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोणाचं राहिलं. एका ‘सौ.’साठी वर्षभर अबोला धरलेली घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तेव्हा लोक वाचत नाहीत हे खोटं. लोकांना जे वाचायची गरज नसते ते ते वाचत नाहीत, आणि आपण बहुतेक वेळा तेच लिहितो. ‘आपल्या स्वप्नातील विवाह सोहळा आमच्यासोबत’ हे वाक्य तर लिहिणाऱ्यानंसुद्धा नीट वाचलेलं नसतं.

दुसरं, आपल्याकडे कार्यालय ठरवतं कोण? रील मुलगी बघते. पण बैठक बसते ती ओट्यावर, आणि तिथे मामा असतात, थोरले काका असतात, सोयरीक जमवणारे एखादे आबा असतात. त्यांना ड्रोनमधून दिसणाऱ्या लॉनशी देणंघेणं नसतं. त्यांचे प्रश्न ठरलेले. पंगत बसेल का, की बुफेच? एका वेळी किती पानं उठतील? लाइट गेली तर जनरेटर आपला की बाहेरचा, डिझेल कोणाचं? मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा कूलर किती आणि पाण्याचा टँकर कोण सांगणार? व्याह्यांची बस आत वळेल का? कार्यालय किती वाजता मोकळं करून द्यायचं? आदल्या संध्याकाळी हळदीला वेगळं भाडं आहे का? या प्रश्नांचं रील होत नाही. झालंच तर मामा बघणार नाहीत. पण हीच उत्तरं एका पानावर लिहिलेली असतील, तर मुलगी ते पान मामांना पाठवते आणि मामा चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतात.

आणि गिऱ्हाईक गावातच बसलंय हे तरी कोणी सांगितलं? निम्मा खानदेश सुरतेत आहे म्हटलं तर फार चूक होणार नाही. उधना, लिंबायत या भागांत फिरलं तर अहिराणी कानावर पडतेच. मुलगा तिकडे कामाला, मुलगी पुण्यात, लग्न मात्र गावी, कारण भाऊबंदकी गावी. ही माणसं ताप्ती लाइनच्या गाडीत बसून चार-चार वेळा कार्यालयं बघायला येत नाहीत. एका रविवारी येतात, तीन ठिकाणं बघतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. त्या तीन ठिकाणांत आपलं नाव आहे की नाही, हे ते यायच्या आधीच ठरलेलं असतं. कशावरून? नकाशावरच्या माहितीवरून, तिथल्या अभिप्रायांवरून आणि जे काही लिहिलेलं सापडलं त्यावरून. स्थानिक शोधात काय वर दाखवायचं ते ठरवायला मुख्यतः तीन गोष्टी बघतो, असं गुगल स्वतःच सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा मेळ किती, अंतर किती, आणि तुमची ओळख किती. अंतर आपल्या हातात नाही. पण ‘पंगतीची सोय असलेलं कार्यालय’ असं कोणी शोधलं आणि आपण ‘पंगत’ हा शब्द कुठेच लिहिलेला नसला, तर मेळ बसणार कसा?

आता रील. रीलवर माझा राग नाही. मेहंदी, फेटे, मेकअप, फुलांची सजावट ही दाखवायचीच कामं आहेत, तिथे रील नक्की चालतं. माझी हरकत ‘फक्त’ या शब्दाला आहे. 29 जून 2020 ची रात्र आठवत असेल. टिकटॉकवर बंदी आली. आपल्याकडे कितीतरी पोरांनी तिथे हजारोंनी माणसं जमवली होती, ती एका रात्रीत गेली. इन्स्टाग्रामनं पुढच्याच महिन्यात भारतात रील आणलं म्हणून बऱ्याच जणांचं निभावलं. जागा दुसऱ्याची असली की हे होणारच. आणि हे फक्त रीलला लागू नाही. गुगलच्या व्यवसाय-नोंदणीतून फुकट वेबसाइट मिळायची, तीही मार्च 2024 मध्ये बंद झाली. माझ्याच दोन गिऱ्हाइकांचं सगळं तिथे होतं. म्हणून स्वतःच्या नावाचा वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, घ्या, वर्षाचा खर्च एका वरातीतल्या फटाक्यांहून कमी असतो.

शिवाय आपल्या धंद्याचं वर्ष आडवंतिडवं आहे. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त उघडतात, पौषात जरा थंड, मग माघापासून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पुढेपर्यंत उसंत नाही. चातुर्मासात सगळं बंद. पण ठरवाठरवी मुहूर्ताच्या दिवसांत होत नाही, ती आधी होते. कापसाचे पैसे येतील या हिशेबावर लोक भादव्यातच चौकश्या सुरू करतात. आखाजीला टाकलेलं रील भादव्यात कोणाला सापडणार? लिहिलेलं पान सापडतं. आणि पाऊस पडत असताना आपल्यालाही लिहायला वेळ असतो. सीझनमध्ये तर जेवायलाही नसतो.

आता दराचा मुद्दा. यावर थोडं थांबते, कारण आप्पांशी खरं भांडण इथेच झालं.

‘दर लिहिला की गिऱ्हाईक पळतं, आणि समोरचा दुकानदार पाडून सांगतो.’ आप्पा हे चाळीस वर्षं म्हणत आलेत. समोरच्याला आपला दर कळत नाही असं त्यांना खरंच वाटतं का, कोण जाणे. गावात कोणाच्या घरी कोणती भाजी शिजली तेही कळतं. आणि पळणारं गिऱ्हाईक दर वाचून पळालं तर बरंच, आपला अर्ध्या तासाचा फोन वाचला. न पळणाऱ्याचं काय? फोन उचलल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘थाळीना कितला?’ आपण म्हणतो, ‘या ना बसू, होऊन जाईल.’ आपल्या बाजूनं हा जिव्हाळा आहे, सुरतेहून फोन करणाऱ्याला मात्र ही टाळाटाळ वाटते. तो पुढचा नंबर लावतो.

आमच्या ओळखीचे एक आचारी आहेत, यावल-रावेर पट्ट्यात लग्नं करतात. वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्याची भाजी, गंगाफळ हा त्यांचा हात. त्यांचंही म्हणणं तेच: आमचा दर लिहिता येत नाही, प्रत्येक लग्न वेगळं. म्हटलं, मग ते वेगळं का असतं, तेच लिहू या. बसलो. किराणा घरचा आणि मजुरी आचाऱ्याची, की सगळं थाळीवर? बट्टी तळायची की गोवऱ्यांवर भाजायची? तळायची असेल तर तेलात की तुपात, आणि तूप कोणाचं? गोड एक की दोन? वाढपी त्यांचे की घरची पोरं? भांडी, गॅस, पाणी कोणाकडे? जागा मळ्यात असेल तर सामान न्यायचा टेम्पो? पानं ठरल्यापेक्षा वाढली तर काय? जीएसटी धरून की वगळून? प्रत्येक प्रश्नापुढे दोन ओळी, आणि शेवटी ‘साधारण या रकमेपासून या रकमेपर्यंत’. खाली किराण्याची यादी, शंभर पानांना गहू किती, तूरडाळ किती, तूप किती, त्यांच्याच वहीतली. ती यादी देताना त्यांचा हात थरथरला, खरं सांगते. पण झालं असं की ती यादी लोकांनी एकमेकांना पाठवली, आणि प्रत्येक यादीखाली त्यांचा नंबर होता. यादी घेऊन स्वतः बट्टी करायला कोणी बसलं नाही. चारशे पानांची बट्टी उकडायला काय लागतं ते यादी वाचूनच कळतं!

ही युक्ती माझी नाही. 2008 च्या मंदीत अमेरिकेतल्या व्हर्जिनियात फायबरग्लासचे पोहण्याचे तलाव बसवणारी रिव्हर पूल्स नावाची कंपनी बुडायला आली होती. तिचा भागीदार मार्कस शेरिडन यानं गिऱ्हाइकं विचारायची ते सगळे प्रश्न वेबसाइटवर लिहून त्यांची उत्तरं दिली. त्यात खर्च किती येतो हाही होता, जो त्या धंद्यातले बाकीचे टाळायचे. त्यानंही एक ठाम आकडा दिला नव्हता, कशानं वाढतो नि कशानं कमी होतो ते सांगितलं होतं. कंपनी तरली. तलाव काय नि मांडव काय, आयुष्यात एकदा करायच्या खर्चाची धास्ती सगळीकडे सारखीच.

एआयचे शंभर लेख? एआय वापरायला गुगलची बंदी नाही. पण निव्वळ शोधात वर यायसाठी घाऊक मजकूर ओतणं, मग तो यंत्रानं लिहिलेला असो की माणसानं, हे मार्च 2024 पासून त्यांच्या स्पॅमच्या नियमांत स्पष्ट बसतं. ‘अमळनेर’च्या जागी ‘पारोळा’, ‘पारोळा’च्या जागी ‘एरंडोल’ घालून केलेली तीच ती पानंही त्यात येतात. वेबपानाच्या कोडमध्ये लपवलेल्या कीवर्डच्या, म्हणजे शोधशब्दांच्या, यादीचं तर सोडाच, क्रमवारीसाठी ती बघतच नाही असं गुगलनं 2009 मध्येच जाहीर केलंय. तरी तिचे वेगळे पैसे घेणारे अजून भेटतात. एकदा मी असा एक तयार लेख वाचला: खानदेशी लग्नाच्या जेवणात श्रीखंड-पुरी आणि मसालेभात. बट्टीचं नाव नाही! ते वाचून भुसावळचा कोणता मामा फोन करेल?

त्यापेक्षा वर्षाला सहा लेख लिहा, पण ज्यात तुमचे पाय मळलेत ते. फोटोग्राफर असाल तर पाटणादेवीच्या शूटवर लिहा. तो भाग गौताळा अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याची परवानगी आधी, ड्रोनचं नाव नंतर. कपडे कुठे बदलायचे, पावसाळ्यात वाट कशी असते, दुपारचं ऊन कोणत्या बाजूनं येतं. ‘यंदाचे विवाहमुहूर्त’ मात्र लिहू नका. वाचायला लातूर-कोल्हापूरहून लोक येतील, पण तुमच्याकडे फोन येणार नाही.

नेटवरून उचललेल्या फोटोंबद्दल लांबण लावत नाही. दुसऱ्याच्या मांडवाचा फोटो आपला म्हणून लावणं ही फसवणूक आहे, आणि गिऱ्हाईक प्रत्यक्ष आलं की लगेच उघडी पडते. पण स्वतः काढलेल्या फोटोंचंही एक आहे, जे फोटोग्राफर मंडळींना सांगितलं की चेहरे उतरतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे वधूचा फोटो आपल्या पानावर लावायचा तर ऑर्डरच्या कागदावरच तशी एक ओळ घालून सही घ्या. आपल्याकडे तर अजून ऑर्डर डायरीच्या पानावर घेतात, कागद कुठला.

ज्या मित्रानं मला हा मजकूर सगळ्यात आधी पाठवला, त्याचं लॉन आहे हायवेलगत. रोज एक रील टाकतो, नेमानं. नकाशावर त्याच्या लॉनची खूण मात्र बायपास व्हायच्या आधीच्या रस्त्यावर आहे. गेल्या आखाजीला दोंडाईच्याहून आलेली वऱ्हाडाची बस त्या खुणेवर गेली आणि जिनिंगच्या फाटकाशी उभी राहिली. नवरदेव घोड्यावर इकडे, करवल्या तिकडे, बँडवाले फोनवर. मी त्याला म्हटलं, ‘भाऊ, आजचं रील राहू दे. आधी ती खूण सरकव, आणि खाली लिही, जिनिंगच्या पुढे दीड किलोमीटर, डाव्या हाताला.’ त्यानं खूण सरकवली. खालची ओळ अजून लिहिलेली नाही.