साडेचारला बोट सुटते

क्रूझवर रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम कागदावर छापून केबिनमध्ये ठेवतात. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकच्या कागदावर ठळक लिहिलं होतं : परतायची शेवटची वेळ साडेचार, बोट कोणासाठीही थांबणार नाही. आपला एसटीचा कंडक्टरसुद्धा घंटी मारायच्या आधी "राहिलंय का कोणी?" असं विचारतो.

बोट लागते ग्रुझ बंदरात. जुनं शहर तिथून तीनेक किलोमीटर, म्हणजे पुन्हा बस. छातीवर 17 नंबरचं स्टिकर चिकटवून आम्ही बसमध्ये बसलो. नाशिकचे एक काका चुकून 12 नंबरच्या बसमध्ये चढले, त्यांना उतरवून आणण्यात वीस मिनिटं गेली. पिले दरवाजातून आत शिरलो तेव्हा साडेदहा वाजले होते.

आत शिरल्या शिरल्या ओनोफ्रिओचं मोठं कारंजं आहे. 1438 सालचं. बारा किलोमीटरवरून पाणी आणलंय, सोळा दगडी तोंडांतून ते अजून पडतं आणि पिता येतं. हे शेवटचं वाक्य कानावर पडताच आमची ही रांगेत उभी. बाजूच्या दुकानात पाण्याच्या बाटलीचा भाव तिने आधीच वाचून, नव्वदने गुणून ठेवला होता. तीन बाटल्या भरल्या, एक मला तिथेच संपवायला लावली. "फुकट आहे, प्या!"

हे पाणी पुढे मला महागात पडणार होतं.

गाइडबाई तोवर सांगत होत्या, की हे पूर्वी रगुसा नावाचं स्वतंत्र प्रजासत्ताक होतं आणि 1377 साली त्यांनी कायदा केला : प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने शहरात पाय ठेवण्याआधी जवळच्या बेटांवर नाहीतर त्साव्तात गावाला तीस दिवस काढायचे. क्वारंटाइनचा उगम म्हणतात तो हाच. मी घड्याळ बघितलं. ज्या गावाने पाहुण्याला तीस दिवस बाहेर बसवलं, ते गाव मला जेवणासकट सहा तासांत उरकायचं होतं.

पुढे संत ब्लेझचं चर्च. हे शहराचे रक्षक, हातात अख्ख्या शहराची छोटी प्रतिकृती घेऊन उभे. गोव्यात जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला यांच्याच नावाचं चर्च आहे आणि ते रगुसाच्या व्यापाऱ्यांनी बांधलं असं सांगतात. मी उत्साहाने हे हिला सांगितलं. ती म्हणाली, "मग गवंडाळीलाच गेलो असतो. मावशी रायबंदरला राहते, जेवणाची पण सोय झाली असती."

मग तट. 1940 मीटर लांब, काही ठिकाणी 25 मीटर उंच, तिकीट तेव्हा 35 युरो माणशी होतं. सिंधुदुर्गाच्या तटावरून मी फुकट फिरलोय, पण तो मुद्दा तिकीटखिडकीवर काढता येत नाही. शहराने हल्ली एका वेळी दोनच मोठ्या बोटी असा नियम केलाय. त्या दोन्ही बोटी बहुधा जिन्यावर माझ्यापुढेच उभ्या होत्या.

तटावर वाहतूक एकेरी. घड्याळाच्या उलट दिशेने चालायचं, मागे वळायचं नाही. डावीकडे शहर, उजवीकडे निळाशार एड्रियाटिक, आणि पोटात ओनोफ्रिओ. खालून लाटांचा खळखळाट. अशा अवस्थेत समुद्राकडे बघवत नाही हो. मी कौलांकडे बघत राहिलो. बहुतेक कौलं नवी, भडक नारिंगी, मध्येच जुनी फिक्या रंगाची. 1991-92 च्या वेढ्यात तोफगोळे पडून जी छपरं गेली, ती नव्याने शाकारली. गाइडबाई हे सांगताना आवाज न बदलता बोलत होत्या. आमच्या घोळक्यातलं कोणीच मग काही वेळ फोटो काढत नव्हतं.

ही मात्र तटाखालच्या एका अंगणातली दोरी बघत होती. चार चादरी, दोन टॉवेल, लहान मुलाचे मोजे. "अहो, ऊन बघा कसलं आहे! पापड एका दिवसात खडखडीत वाळतील."

"अगं, मला खाली जायचंय."

"मग जा की."

"एकेरी आहे!"

मिंचेता बुरुजाच्या पायऱ्या मी ज्या वेगाने चढलो, तो बघून नाशिकचे काका म्हणाले, "गुडघ्यांना काय लावता हो तुम्ही?" खाली उतरलो, सोय शोधली, तिथेही रांग आणि सुट्टे युरो. ते सगळे सुट्टे हिच्या पर्समध्ये. ही अजून तटावर, पापडांपाशी. शेवटी एका कॅफेत शिरलो आणि फुकटच्या पाण्यापायी साडेचार युरोची कॉफी मागवली.

जेवण राहिलं. धावतपळत चारला बोटीवर पोचलो. बोट सुटली पाच वाजून दहा मिनिटांनी. बोटीनेच नेलेली एक बस वाटेत अडकली होती, म्हणून थांबले होते.

तिसरी बाटली तशीच भरलेली राहिली. ती सामानातून पुण्याला आली. आता फ्रिजच्या दारात उभी आहे आणि तिच्यावर हिच्या अक्षरात चिठ्ठी आहे : क्रोएशिया. यांना देऊ नये.