मागच्या स्प्रिंगबद्दलचा माझा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

'कुठल्याही गाडीची मागची स्प्रिंग कंप्रेसरशिवाय, नुसत्या जॅकवर घरी बदलता येते' असा मेसेज फिरतोय (कंप्रेसर म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार). मूळ मेसेज माझाच आहे. मी तो स्विफ्टपुरता लिहिला होता. गाडीचं नाव आणि स्टँडचं (उचललेल्या गाडीखाली आधाराला लावायची लोखंडी घोडी) वाक्य कुठेतरी गळलं.

स्विफ्टला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा बीम; स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे. म्हणून बीमखाली जॅकचा आधार देऊन शॉकअपचे खालचे बोल्ट काढले आणि बीम हळूहळू खाली घेतला, की स्प्रिंगवरचा ताण जातो आणि ती हाताने निघते. बीम उतरवताना ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हे मात्र बघत राहायचं. आणि हे सगळं करताना गाडी दोन स्टँडवर हवी, पुढच्या चाकांना दगड किंवा ओंडके. डिकीतल्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही.

पण काही गाड्यांत मागेही स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेली. तिथे कंप्रेसर न लावता वरचा नट सोडला तर स्प्रिंग गोळीसारखी सुटते. ते काम गॅरेजवाल्याचंच.

एक गोष्ट माझ्याही मेसेजमध्ये राहिली होती: शॉकअपचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. लोंबकळत्या बीमवर आवळले तर रबरी बुश पिळलेलेच राहतात आणि लवकर फाटतात.

जुना मेसेज ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा टाका.