तीन टोपणं

"काका, तुमचा पॅलेट अजून तयार नाहीये," असं सव्वीस वर्षांचा एक पोरगा मला परवा शनिवारी, नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्याच मित्राच्या गच्चीवर, दहा-बारा माणसांदेखत म्हणाला. पॅलेट म्हणजे टाळू. माझ्या आईने सहा महिने वाट्या-वाट्या तेल जिरवून भरलेली टाळू बावन्नाव्या वर्षी अजून कच्ची निघाली!

पोरगा मित्राचा भाचा. शिकागोहून आला तो बॅगेत एक बाटली घेऊन. बीअरच, पण साधी नव्हे. बर्बन व्हिस्कीच्या पिंपात वर्षभर मुरवलेली, वर व्हॅनिला, कोको आणि नारळ घातलेली, तेरा टक्क्यांची काळीकुट्ट स्टाउट. हिला म्हणे पेस्ट्री स्टाउट म्हणतात, कारण चव चॉकलेट केकची. मला केक हवा असता तर मी कॉलेज रोडला गेलो नसतो का?

बाटली पाचशे मिलीची आणि पिणारे अकरा. भाच्याने हिशेब केला, माणशी पंचेचाळीस मिली. मापायला घरात काही सापडेना, म्हणून वहिनींनी नातवाच्या औषधाचं पंधरा मिलीचं टोपण धुऊन दिलं. तीन-तीन टोपणं.

मी बर्फ मागितला. गच्ची शांत झाली. मित्राने आधीच बर्फाचा ट्रे माझ्या हातात दिला होता, तो हातातच राहिला. ही बीअर फ्रिजबाहेर अर्धा तास ठेवून, बारा-तेरा डिग्रीवर प्यायची असते. गार केली तर वास मिटतो. बरं. मग मी घोट घेतला आणि प्रामाणिकपणे म्हणालो, "खोकल्याच्या औषधासारखी लागते." त्यावर ते टाळूचं वाक्य आलं. टोपण औषधाचंच होतं, हे कुणी लक्षात घेतलं नाही.

आता नाना. नाना म्हणजे मित्राचे व्याही, सिन्नरकडचे, चाळीस वर्षं मिठाईचं दुकान चालवलेले. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या वारीला पायी. थेंबाला शिवत नाहीत. जावई पिणार, म्हणून परत गाडी चालवायला आले होते आणि कोपऱ्यात चिवडा खात बसले होते. भाच्याने गंमत म्हणून त्यांच्यापुढे ग्लास धरला. "नाना, नुसता वास घ्या."

नानांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. एक नाकपुडी दाबली, दुसरीने वास ओढला. मग नाकपुडी बदलली. डोळे मिटले. मला वाटलं, आता अभंग सुरू होतो.

"खवा तळाला लागलाय," नाना म्हणाले.

भाचा उडालाच. "एक्झॅक्टली! यात मिल्क शुगर असते नाना! यीस्टला ती खाता येत नाही, म्हणून गोडवा तसाच राहतो. आणि करपट वास भाजलेल्या बार्लीचा!"

"आणि लाकूड जाळलंय."

"पिंप आतून जाळतात! बर्बनला कायद्याने दरवेळी नवं जाळलेलं ओकचं पिंप लागतं. एकदा वापरलं की ते विकून टाकतात, मग बीअरवाले घेतात."

"म्हणजे लोणच्याची जुनी बरणी," नाना म्हणाले. "खार मुरलेला असतोच. पण वरीसभर? आमचा पाक वरीसभर ठेवला असता तर अन्न-औषधवाल्यांनी शटर खाली केलं असतं." आणि पुन्हा हुंगून, "खोबरं सुकं हाये. वल्लं नाही."

भाच्याने वाकून नमस्कार केला. "काय नोज आहे, नाना!"

आता माझं म्हणणं एवढंच. खवा करपलाय म्हटलं की नोज, आणि औषध म्हटलं की टाळू कच्ची? त्यांनी तर चाखलीही नव्हती. या शहरात हे नेहमीचंच झालंय. आमच्याकडे द्राक्षं होती, आम्ही ती खायचो. २००० साली सुलाची पहिली वाईन आली आणि हळूहळू आम्हाला ग्लास कुठे धरायचा, किती वेळा फिरवायचा हे कळलं. मी पैसे भरून शिकलोही, दांडी धरून. आता ही काळी बाई आली, तर पोरगा म्हणतो ग्लास तळहातात धरा, ऊब लागू द्या. एकदा काय ते ठरवा ना! सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, तोवर आणखी कोण काय धरायला शिकवेल सांगता येत नाही.

निघताना नाना माझ्याजवळ आले आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "सर्दी झाली असंल भाऊ. ओव्याची पुरचुंडी हुंगा."

घरी पोचलो तर बायकोने दार उघडताच विचारलं, "खोकला झालाय का? औषधाचा वास येतोय."

मी बूटही न काढता मित्राला फोन लावला. त्याने उचलला नाही. ग्रुपवर मात्र फोटो येऊन पडला होता. मधोमध नाना, डोळे मिटलेले, नाक ग्लासात. कडेला माझा नुसता हात आलाय, बर्फाचा ट्रे धरलेला.