‘आपत्ती आली की कलेक्टर बघतील’: फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला. तेव्हापासून सोलापूर जिल्ह्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज या ना त्या रूपात फिरतो आहे. त्याचा आशय असा: ‘आपत्ती व्यवस्थापन हे कलेक्टर, एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) आणि मिलिटरीचं काम. महापालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायत यांच्यावर कायद्यानं कसलीही जबाबदारी नाही. त्यांच्याकडे ना पैसा, ना अधिकार. आणि पूर काही सांगून येत नाही. तेव्हा आपल्या गावच्या माणसांना उगाच जाब विचारू नका.’

मेसेज सौम्य आहे, भांडण मिटवणारा वाटतो, म्हणूनच लोक तो विचार न करता पुढे ढकलतात. पण त्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्यावर विश्वास ठेवला तर पुढच्या पुरात नुकसान आपलंच आहे. म्हणून एकेक वाक्य घेतो.

‘कायद्यात स्थानिक संस्थांवर जबाबदारीच नाही’

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ उघडून पाहा. ‘स्थानिक प्राधिकरण’ म्हणजे कोण, हे व्याख्येतच दिलं आहे. पंचायत राज संस्था, नगरपालिका, जिल्हा परिषद, कॅन्टोन्मेंट बोर्ड हे सगळे त्यात येतात. पुढे कलम ४१ फक्त या संस्थांच्या कामांबद्दल आहे. आपल्या अधिकाऱ्यांना आणि कर्मचाऱ्यांना आपत्तीसाठी प्रशिक्षित करायचं. साधनसामग्री लागेल त्या क्षणी हाताशी येईल अशी ठेवायची. आपल्या अखत्यारीतली बांधकामं ठरलेल्या मानकांप्रमाणे होतील हे पाहायचं. आणि आपल्या हद्दीत मदत, पुनर्वसन, पुनर्बांधणीची कामं करायची. यातलं एकही काम ‘जमलं तर करा’ या भाषेत सांगितलेलं नाही.

त्याहून महत्त्वाचं कलम ३२ आहे आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी कार्यालयानं आणि स्थानिक प्राधिकरणानं स्वतःचा आपत्ती आराखडा तयार करायचा, तो वेळोवेळी सुधारायचा आणि त्याची प्रत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला द्यायची, असं ते सांगतं. म्हणजे जिल्ह्याचा एक जाडजूड आराखडा कलेक्टर ऑफिसात आहे म्हणून माढ्याची नगरपंचायत किंवा सीनाकाठची एखादी ग्रामपंचायत मोकळी होत नाही.

मेसेजमधला एवढा भाग खरा आहे की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पण त्याच प्राधिकरणात जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. लोकांनी निवडून दिलेल्या संस्थेला कायद्यानं थेट कलेक्टरांच्या शेजारची खुर्ची दिली आहे. शहरांच्या बाबतीत तर या कायद्याच्या २०२५ च्या दुरुस्तीनं आणखी एक पाऊल टाकलं. महापालिका असलेल्या शहरांसाठी राज्य सरकारला वेगळं शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमता येतं. त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. सोलापूरसारख्या शहराची धुरा कोणी वाहायची, याची दिशा त्यातून स्पष्ट होते.

‘एनडीआरएफ येते, मिलिटरी येते’

येतात, आणि जीव धोक्यात घालून काम करतात. त्या जवानांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ते कुठून येतात, हे नकाशावर बघा. महाराष्ट्रासाठीची एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ आहे. एसडीआरएफच्या, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या, तुकड्या धुळे आणि नागपूरला. पुणे ते सोलापूर अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि ते ज्या महामार्गानं कापायचं तोच सप्टेंबर २०२५ मध्ये लांबोटीजवळ सीनेच्या पाण्यामुळे बंद पडला होता. ज्या नदीपासून वाचवायचं, तिनंच मदतीची वाट अडवली.

म्हणून पहिले काही तास गावाचेच असतात. त्या तासांत कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, कोणती बाई गरोदर आहे, कोणता रस्ता आधी पाण्याखाली जातो, शाळा उंचावर आहे की खोलगटात, हे बाहेरून आलेल्या माणसाला माहीत असणं शक्य नाही. ते सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल यांना माहीत असतं. प्रश्न इतकाच आहे की ते आधी लिहून ठेवलंय का, आणि कुणी काय करायचं हे ठरलंय का.

जनावरांचा मुद्दा इथेच मांडतो, कारण आराखडे करताना तो सगळ्यात शेवटी आठवतो. माढा, मोहोळ, करमाळा या पट्ट्यात दुधावर घरं चालतात. दावणीला चार म्हशी बांधलेल्या असताना ‘घर सोडा’ म्हटलं तर माणूस सोडत नाही, आणि त्याला हट्टी म्हणण्यात अर्थ नाही. जनावरं कोणत्या माळावर न्यायची, तिथं चारा-पाणी कोण पोचवणार, ट्रॅक्टर कुणाचे, हे ज्या गावात आधी ठरलेलं असतं तिथं माणसंही वेळेत बाहेर पडतात. हे ठरवायला दिल्लीहून कुणी येणार नाही.

पाणी ओसरल्यावरही तेच. गावची विहीर पुरात बुडालेली असते. ती उपसायची, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून पाणी शुद्ध करायचं, चिखल-गाळ हटवायचा, मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावायची. तोवर जवान परत गेलेले असतात. हे काम ग्रामपंचायतीचंच, आणि त्यात कसूर झाली तर पुरातून वाचलेलं गाव जुलाबानं आजारी पडतं.

‘पूर सांगून येत नाही’

आपल्या जिल्ह्यात तो बहुतेक वेळा सांगून येतो. पंढरपूरच्या चंद्रभागेला येणारं पाणी मुख्यतः दोन ठिकाणांहून येतं: भीमेवरच्या उजनीतून, आणि नीरेवरच्या वीर धरणातून, ज्याचं पाणी नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळतं. दोन्हीकडचा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं या हिशेबात, जाहीर होतो. सोडलेलं पाणी पंढरपूरला पोचायला काही तास लागतात, आणि ते तासच नगरपरिषदेच्या हातातला वेळ. नदीकाठच्या वस्तीत भोंगा फिरवायचा, लोकांना हलवायचं, वीज बंद करायला महावितरणला कळवायचं. सीनेचं गणित जास्त अवघड आहे, कारण वरचा पाऊस अहिल्यानगर आणि धाराशिवकडे पडतो आणि आपल्याकडे ढग नसतानाही पाणी चढू शकतं. म्हणूनच सीनाकाठी वरच्या गावातून खालच्या गावाला फोन जाण्याची पद्धत ठरलेली हवी.

आणि आपले मोठे पूर कधी आले ते बघा. ऑक्टोबर २०२०. सप्टेंबर २०२५. दोन्ही पावसाळा सरत आला असताना. तरी आपल्या मान्सूनपूर्व बैठका होतात मे-जूनमध्ये. नालेसफाई तेव्हाच, बोटींची पाहणी तेव्हाच. मेमध्ये काढलेला गाळ आणि प्लास्टिक ऑगस्टपर्यंत पुन्हा नाल्यात आलेलं असतं. माझ्या मते सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक स्थानिक संस्थेनं ऑगस्टअखेर दुसरी तपासणी केलीच पाहिजे. कोकणासाठी आखलेलं वेळापत्रक इथं कामाचं नाही.

‘पैसा नाही, अधिकार नाही’

पैशाची चणचण खरी आहे, छोट्या ग्रामपंचायतीत तर फारच. पण घरनिहाय यादी, फोन नंबर, पोहणाऱ्यांची आणि होडीवाल्यांची नावं, मंदिराच्या लाऊडस्पीकरचा वापर, शाळेची किल्ली रात्री कुणाकडे, यातल्या कशालाच निधी लागत नाही.

अधिकार नाही, हे मात्र साफ चूक. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७ नुसार नैसर्गिक आपत्तीत किंवा माणसांच्या जिवाला धोका असताना आयुक्त तातडीनं लागेल ती कारवाई करू शकतात; ती केल्यावर स्थायी समितीला कळवायचं असतं. कलम २६४ नुसार धोकादायक इमारत रिकामी करायला लावता येते. कलम २६५-अ मुळे तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मागता येते. जुन्या पेठांमधल्या वाड्यांसाठी हे कलम किती मोलाचं आहे, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं घराबाहेर पडलेल्या सोलापूरकरांना सांगावं लागणार नाही.

नगरसेवकच नव्हते, मग जबाबदारी कुणाची, असाही सूर असतो. मार्च २०२२ नंतर सोलापूर महापालिकेवर बराच काळ प्रशासक होते, हे खरं. पण कायद्यानं कर्तव्य संस्थेवर टाकलं आहे. सभागृह रिकामं असलं तरी ते संपत नाही.

आगीचं तर बोलायलाच हवं. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जणांचा जीव गेला. कोण चुकलं हे मी इथं ठरवत नाही. पण अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांत आहे, आणि २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानं इमारतीच्या मालकाला किंवा वापरणाऱ्याला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते आलं का, हे बघण्याचं काम स्थानिक अग्निशमन विभागाचं. आपल्या शहरात कारखाना आणि राहतं घर अनेकदा एकाच छताखाली असतं, यंत्रमागाच्या भागात तर गल्लोगल्ली. तिथं ही तपासणी टळली की धोका थेट झोपलेल्या लेकरांना असतो.

बांधकामाच्या मानकांचंही तसंच. १४ ऑक्टोबर २०२० ला पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले. कलम ४१ मध्ये बांधकामाचा उल्लेख का आहे, हे त्या दिवशी कळलं.

‘जाब विचारू नका’

पंचनामा आणि नुकसानभरपाई हे प्रामुख्यानं महसूल यंत्रणेचं काम आहे. त्यासाठी सरपंचाच्या दारात जाऊन ओरडणं चुकीचं, एवढं मी मान्य करतो. पण तयारीबद्दल विचारायचं ते सरपंचालाच, मुख्याधिकाऱ्यालाच, आयुक्तांनाच. १५ ऑगस्टची ग्रामसभा त्यासाठी नेमकी वेळेवर येते. तिथं लेखी विचारा: कलम ३२ खालचा आपल्या गावाचा आराखडा कुठे आहे, शेवटचा कधी सुधारला, प्रत जिल्ह्याला पाठवली का, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण कधी झालं. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. शहरात असाल तर हेच प्रश्न झोन कार्यालयात माहिती अधिकाराखाली टाका.