गोवर ‘अंगावरून गेलेला बरा’?

नाशिकमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय : “गोवर निघाला तर निघू द्या. त्याने येणारी प्रतिकारशक्ती जन्मभर टिकते, लशीची काही वर्षांत उतरते. आपल्या आज्यांना कुठे लस होती?” यात लेकरांच्या जिवाशी खेळ आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

जन्मभर टिकते, हे खरं आहे. १८४६ साली फॅरो बेटांवर साथ आली, तेव्हा १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो परत झाला नाही, अशी नोंद पानुम या डॅनिश डॉक्टरने केली. पण त्या संरक्षणासाठी शरीराला काय मोजावं लागतं, ते मेसेजमध्ये कुठेच नाही.

गोवराचा विषाणू नेमक्या त्याच पेशींत शिरतो, ज्यांनी जुन्या आजारांची आठवण जपलेली असते. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं गेलं. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांनी इतर जंतूंविरुद्ध कमावलेल्या अँटीबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्या होत्या. म्हणजे एका रोगाचं संरक्षण मिळालं आणि बाकीच्यांचं काही अंशी गेलं. पुरळ मावळल्यावरही मूल न्यूमोनियाने, जुलाबाने खंगत राहतं, त्यामागे हेही कारण आहे. त्याच अभ्यासात लस घेतलेल्या मुलांच्या अँटीबॉडी अशा घटल्या नाहीत.

लशीची उतरते? लशीनंतर अँटीबॉडींची पातळी आजारानंतरच्यापेक्षा कमी असते, काळानुसार आणखी घटते, हे मान्य. पण स्मृतिपेशी राहतात, आणि दोन डोसांनंतर सुमारे ९७ टक्के जणांना संरक्षण मिळतं. नवव्या महिन्यातला पहिला डोस सुमारे ८५ टक्के बाळांनाच लागू पडतो, कारण आईकडून आलेल्या अँटीबॉडी काही बाळांत अजून शिल्लक असतात आणि त्या अँटीबॉडी लशीतल्या कमजोर केलेल्या विषाणूलाच निकामी करतात. राहून गेलेल्यांसाठीच १६ ते २४ महिन्यांतला दुसरा डोस आहे. ‘पहिला दिलाय, पुरे’ म्हणणाऱ्या घरांनी हे नीट वाचावं.

आज्यांबद्दल एवढंच : ज्या वाचल्या त्याच आज्या झाल्या. त्यांची जी भावंडं गोवरात गेली, त्यांची आठवण त्यांनाच विचारा.

आणि हे फार दूरचं नाही. २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात, गोवराची साथ आली होती. साथ रोखायला जवळपास ९५ टक्के लोकांना संरक्षण असावं लागतं, इतका हा रोग झपाट्याने पसरतो. नऊ महिन्यांखालच्या बाळाला एरवी लस देत नाहीत. त्याचा बचाव आजूबाजूच्या मोठ्या मुलांवर अवलंबून असतो. डोस चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात तो मोफत मिळतो. आशाताईंना लसीकरणाचं कार्ड दाखवा, कोणता राहिलाय ते त्या सांगतील.