कापूस विकून वकील लावण्याआधी

धुऱ्याचं म्हणजे बांधाचं भांडण, फेरफारावरचा (सातबाऱ्यावर नाव बदलण्याच्या नोंदीवरचा) आक्षेप, नवऱ्याने टाकलेल्या बाईची पोटगी, पेरूनही न उगवलेलं सोयाबीन. आपल्या विदर्भातल्या गावात कोर्टकचेरी म्हणजे बहुतेक याच चार-सहा गोष्टी. आणि यातलं काहीही अंगावर आलं की माणूस सगळ्यात आधी पैशाची जुळवाजुळव करतो. घरात साठवलेला कापूस पडत्या भावात विकतो, नाहीतर बायकोची पोत गहाण टाकतो, मग कोणाच्या तरी ओळखीने वकील गाठतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी मुदत बघायची, मग कागद गोळा करायचे, पैशाचं त्यानंतर. आणि पैसे मोजण्याआधी तालुक्याच्या कोर्टातच असलेल्या 'तालुका विधी सेवा समिती'च्या कार्यालयात जाऊन यायचं.

तिथे फुकट वकील मिळतो, आणि तो आपला हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्याच्या कलम १२ मध्ये कोणाला सरकारी खर्चाने वकील मिळेल ते स्पष्ट लिहिलं आहे. कोणतीही बाई, मग तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीचा कोणीही, उत्पन्न कितीही असो. लहान मुलं, दिव्यांग, कारखान्यातला कामगार, कोठडीत किंवा तुरुंगात असलेला माणूस, पूर-दुष्काळासारख्या आपत्तीत किंवा जातीय अत्याचारात सापडलेला माणूस. आणि यात कुठेच न बसणारा असेल, तर महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न ३ लाख रुपयांच्या आत असलेला कोणीही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'आमच्या नावावर आठ एकर वावर आहे, आम्हाला कोण फुकट वकील देते?' असं म्हणून कास्तकार दारातूनच परत जातो. अट जमिनीची नाही, उत्पन्नाची आहे. कोरडवाहू पऱ्हाटी-तुरीवर चालणाऱ्या घराचा उत्पन्नाचा दाखला काढून बघा, मर्यादा बहुतेक लांबच राहते. दाखला मिळायला वेळ लागत असेल तर त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की उत्पन्नाबद्दलचं प्रतिज्ञापत्रही पुरेसं मानता येतं. आणि हे प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं. कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारने १ जुलै २००४ च्या अधिसूचनेने माफ केलेलं आहे. तरी आजही तहसीलसमोरचा माणूस 'स्टॅम्पपेपर घेऊन या' म्हणतो आणि आपण आणतो. पुढच्या वेळी या अधिसूचनेची तारीख त्याला सांगा.

अर्ज समितीच्या छापील नमुन्यात करा, नाहीतर साध्या कागदावर मराठीत लिहा. नाव, पत्ता, कोणत्या गटात बसतो, समोरची बाजू कोण, तंटा काय, कोर्टात आधीच काही चालू असेल तर केस नंबर, आणि काय मागायचं आहे. सोबत आधार, जातीचा किंवा उत्पन्नाचा कागद, आलेली नोटीस. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथला कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक लिहून देतो. अर्जावर ७ दिवसांच्या आत निर्णय द्यावा असा नियम आहे. म्हणून अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायचीच. ती पोच हातात नसेल तर सात दिवस मोजणार कुठून? तालुक्याला काम हललं नाही तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटा, ते स्वतः न्यायाधीश असतात. फोनवरून विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. फौजदारी प्रकरणात आरोपी म्हणून नाव आलं असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी लोकअभिरक्षक कार्यालयाची चौकशी करा, तिथले वकील फक्त याच कामासाठी नेमलेले असतात.

या मदतीत वकिलाची फी तर येतेच, शिवाय कोर्ट फी, समन्सचा खर्च, दावा लिहिण्याचा आणि नकला काढण्याचा खर्चही येतो. नेमलेला वकील पक्षकाराकडून एक रुपयाही घेऊ शकत नाही. 'झेरॉक्सपुरते द्या' हेसुद्धा नाही. मागितले तर सचिवांकडे लेखी तक्रार करा आणि वकील बदलून मागा. बदलून मिळतो. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. या कायद्यातल्या 'न्यायालय' या शब्दात महसूल न्यायालय आणि अर्धन्यायिक अधिकारीही येतात. म्हणजे तहसीलदार, उपविभागीय अधिकारी किंवा ग्राहक आयोग यांच्यासमोरच्या प्रकरणातही वकील मागता येतो.

'फुकटचा वकील कामाचा नसते' हे वाक्य गावागावात ऐकू येतं. पॅनलवरचे, म्हणजे विधी सेवेच्या यादीतले वकील त्याच कोर्टात रोज उभे राहणारे असतात. काही मनापासून काम करतात, काही तारखा काढतात, अगदी पैसे घेणाऱ्यांसारखंच. पण पॅनलच्या वकिलाला मिळणारं मानधन थोडं असतं हे खरं आहे, त्यामुळे तो आपल्या मागे कागदासाठी फिरणार नाही. पक्षकार वकीलपत्रावर अंगठा देऊन घरी गेला आणि दोन तारखांना फिरकला नाही, की केस लंगडी पडते. मग दोष 'फुकट'ला लागतो.

म्हणून फाईल आपण लावून न्यायची. सगळ्यात वर एक कोरा कागद, त्यावर तारीखवार टिपण: कोणत्या वर्षी वाटणी झाली, कोणत्या दिवशी धुरा फोडला, नोटीस कधी आली. एका ओळीत एक घटना, पानभर पुरे. त्याखाली आजचा सातबारा आणि त्याच गटाचा जुना, हाताने लिहिलेला. संगणकावर घेताना नाव किंवा क्षेत्र चुकलं असेल तर ते जुन्या उताऱ्यावरून दाखवता येतं. मग आठ-अ (खात्याचा उतारा), तंट्यातल्या प्रत्येक फेरफाराची नक्कल, खरेदीखत किंवा वाटणीपत्र, मोजणी झाली असेल तर तिच्या नकाशाची 'क' प्रत. मूळ कागद घरी ठेवा, वकिलाला झेरॉक्स द्या. आणि नोटीस आली की तिचं पाकीट फेकू नका! पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून नोटीस कधी पोचली ते कळतं आणि बऱ्याच मुदती तिथूनच मोजल्या जातात. पाकिटाला नोटिशीच्या मागे टाचणी मारून ठेवा.

मुदतीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पटवाऱ्याने फेरफाराची नोटीस काढली की आक्षेपाला १५ दिवस असतात आणि आक्षेप लेखीच लागतो. फेरफार मंजूर झाला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील ६० दिवसांत. दिवाणी कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला तर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका, नक्कल मिळेपर्यंतचे दिवस मुदतीतून वजा होतात. मोटार अपघाताच्या भरपाईचा दावा कायद्याने आता ६ महिन्यांत करायचा आहे. घरातला माणूस गेल्यावर पहिले चार महिने सुतक, तेरवी आणि दवाखान्याच्या बिलातच जातात, त्यामुळे ही मुदत फार लवकर येऊन ठेपते.

आता पांदण, म्हणजे वावरात जायचा रस्ता. आपल्याकडे सगळ्यात जास्त माणसं याच तंट्यात भरडली जातात आणि इथे सुरुवातीला वकिलाची गरजच नसते. चालू रस्ता कोणी अडवला असेल, काट्या टाकल्या, नाली खोदली, नांगरून टाकला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करायचा. मुदत फक्त ६ महिने, अडवल्याच्या दिवसापासून. नेमकी इथेच गडबड होते. कापूस-तूर घरी आल्यावर डिसेंबर-जानेवारीत कोणीतरी रस्ता नांगरतो. उन्हाळाभर वावर रिकामं असतं, बंडी न्यायची नसते, म्हणून कोणी बोलत नाही. जूनमध्ये पेरणीला ट्रॅक्टर अडतो तेव्हा भांडण पेटतं, पंचायत बसते, महिना-दीड महिना समजूत घालण्यात जातो. अर्ज पडतो ऑगस्टात. समोरचा शांतपणे सांगतो की रस्ता तर जानेवारीपासून बंद आहे, आणि अर्ज मुदतबाह्य म्हणून निकाली निघतो. गावाच्या बैठकीत जरूर बसा, पण अर्ज आधी टाकून बसा.

अर्जात दोन्ही बाजूंची पूर्ण नावं, वय, व्यवसाय, पत्ता. गट नंबर. अडथळा काय आणि कोणत्या धुऱ्यावर. अडवल्याची नक्की तारीख. साक्षीदारांची आणि कागदांची यादी. सोबत भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल, पांदण त्यावर बहुतेक दाखवलेली असते. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या जुन्या मध्य प्रांताच्या पट्ट्यात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्जही काढा, गावाच्या वहिवाटीचे हक्क त्यात लिहिलेले असतात. त्याच रस्त्याने जाणाऱ्या इतर चार खातेदारांच्या सह्या घ्या. फोटो काढताना मागे ओळखीची खूण येऊ द्या, विहीर किंवा मोहाचं झाड. अधिकारी जागा बघायला येतात तेव्हा हजर राहा आणि पंचनाम्यात आपलं म्हणणं लिहून घेतलं का ते वाचूनच सही करा.

आणि कलम चुकवू नका. रस्ता आधी होता आणि अडवला, तर कलम ५. रस्ता कधी नव्हताच, धुऱ्यावरून नवा हवा, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३. अर्जनवीस घाईत दोन्ही एकत्र खरडतो आणि समोरच्या बाजूला आयताच मुद्दा मिळतो: 'हेच नवा रस्ता मागतात, म्हणजे जुना नव्हता.' आदेश मिळाला की सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंद मागा, नाहीतर वावर विकलं गेलं की नवा मालक पुन्हा काट्या टाकेल.

न उगवलेल्या बियाण्याचंही तसंच आहे, वकिलाशिवाय बरंच लांब जाता येतं. पक्कं बिल घ्या, त्यावर लॉट नंबर लिहिलेला पाहिजे. पिशवी टॅगसह ठेवा आणि मूठभर बी पिशवीतच राहू द्या. पेरण्याआधी १०० दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण बघा, सोयाबीनला किमान ७० टक्के हवी. उगवलं नाही तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि तक्रार निवारण समितीचा पंचनामा मागा. कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं: पेरणी खोल झाली, ओल कमी होती. म्हणून पंचनाम्यात पेरणीची तारीख, खोली, आधी झालेला पाऊस आणि शेजारच्या धुऱ्यापलीकडे दुसऱ्या लॉटचं बियाणं कसं उगवलं, हे सगळं लिहून घ्या. मग जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षं, मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. बी प्रयोगशाळेत तपासलं नाही एवढ्याच कारणावरून कास्तकाराला परत पाठवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज महामंडळाच्या प्रकरणात सांगितलेलं आहे.

सावकाराने कर्जापोटी वावराचं खरेदीखत करून घेतलं असेल तर थेट दिवाणी दाव्यात उडी मारू नका. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याचं कलम १८ वाचा किंवा वाचून घ्या. अवैध सावकारीत गेलेली जमीन, व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल, तर चौकशीनंतर परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतात. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात द्यायची. खरेदीखतानंतरही ताबा आणि पेरा आपलाच होता हे दाखवणारे उतारे इथे सोन्यासारखे कामाचे.

लोकअदालतीबद्दल एक इशारा. तिथे मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, वर्षानुवर्षांच्या चकरा संपतात, सगळं चांगलं. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून तडजोडीच्या कागदावर गट नंबर, क्षेत्र, दिशा, रक्कम आणि ती देण्याची तारीख लिहिल्याशिवाय सही नको. 'उत्तरेकडचा भाग' असं मोघम लिहिलेल्या तडजोडीतून पुढच्या पिढीचं भांडण निघतं. सगळ्यांना घाई असते, गर्दी असते, तरी कागद मोठ्याने वाचून मागा. कोणी रागवत नाही.

आणि तरीही खासगी वकीलच लावायचा असेल तर लावा, त्यात गैर काही नाही. फी एकूण किती, टप्पे कोणते, हे आधी बोलून घ्या. प्रत्येक वेळी पावती घ्या, किंवा खात्यावर टाका. कोऱ्या कागदावर सही नको. केस दाखल झाली की सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ऑनलाइन ओळख क्रमांक, मागून घ्या. घरातल्या शिकणाऱ्या पोराला ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकायला सांगा, पुढची तारीख आणि आदेश दोन्ही दिसतात. वकिलावरचा विश्वास उडाला तर तो बदलता येतो. फी बाकी आहे म्हणून वकील फाईल अडवून ठेवू शकत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवून दिलेलं आहे. प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं तरी घाबरून एकर विकायला काढू नका, विधी सेवेची उपसमिती तिथेही आहे आणि अर्जाची रीत हीच.

माझी एक मागणी मात्र आहे. विधी सेवेच्या अर्जाचे कोरे नमुने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि रेशन दुकानात ठेवायला हवेत. ज्या बाईला पोटगी मागायची आहे तिला तालुक्याला जायला एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं लागतं, आणि पहिल्या खेपेत 'नमुना संपला, सोमवारी या' असं ऐकलं की ती दुसऱ्यांदा येत नाही. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. ठरावाची प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना पाठवा, आणि त्याचीही पोच घ्या.