काळजीपोटी

आमच्या ऑफिसात चहाचे कप सगळे सारखे. पांढरे, निळ्या काठाचे. ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याचा. २०२२ च्या नोव्हेंबरात एका सोमवारी मावशींनी माझ्यासमोर चहा ठेवला तो स्टीलच्या पेल्यात. मी विचारलं, "कप संपले का?" त्या काही बोलल्या नाहीत. पेला उचलून बघितला तर बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका.

"तुमचाच आहे मॅडम. धुवायला वेगळा पडावा म्हणून खूण केलीय. सरांनी सांगितलंय. तुमच्या काळजीपोटी."

मला टीबी झाला होता. फुफ्फुसाचा नाही, मानेतल्या गाठींचा. जबड्याखाली आधी एक गाठ आली, मग तिच्या शेजारी दुसरी. मला वाटलं अक्कलदाढ असेल. डेंटिस्ट झाला, अँटिबायोटिकचा कोर्स झाला, गाठ तशीच. सासूबाईंनी एकदा हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "गंडमाळ आहे ही." मी हसले. पुढे सुई घालून तपासणी केली, रिपोर्ट आला आणि सासूबाई बरोबर निघाल्या. जुन्या बायकांना रोगांची नावं पाठ असतात, कारण त्यांच्या माहेरी कुणी ना कुणी त्याने गेलेलं असतं.

डॉक्टरांनी छातीचा एक्सरे खिडकीच्या उजेडात धरला आणि सांगितलं, "फुफ्फुसं स्वच्छ आहेत. गाठीतला टीबी हवेतून पसरत नाही. घरात, ऑफिसात, तुमच्यापासून कुणालाही काही होणार नाही. सहा महिने गोळ्या. एक दिवस चुकवायचा नाही." हे मी त्यांच्याकडून लेटरहेडवर लिहून घेतलं. अकाउंट्समध्ये अकरा वर्षं काढलेली बाई आहे मी, व्हाउचरशिवाय बोलत नाही.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. चार औषधांची एकत्र गोळी, वजनाप्रमाणे मोजून, सकाळी उपाशीपोटी. दुपारपर्यंत मळमळ. त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे लघवी केशरी होते, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी घाबरून कॅज्युअल्टीत गेले असते. पण ऑफिसच्या टॉयलेटमध्ये दोन-दोनदा फ्लश करायची सवय लागली ती लागलीच. बाहेर कुणी उभं असलं की तीनदा. चोरी केल्यासारखी.

सुट्टी हवी होती म्हणून एचआरला सर्टिफिकेट दिलं. ‘कॉन्फिडेन्शियल’ असं मीच पाकिटावर लिहिलं होतं. संध्याकाळी गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "मॅडम, तब्येत कशी आहे आता?" म्हणजे वरपासून खालपर्यंत पोचलं होतं.

आता मुद्द्याचं. मला कुणी वाईट बोललं नाही. एक शब्दसुद्धा नाही. उलट सगळे इतके गोड झाले की माझ्या पोटात गोळा यायचा. माझं टेबल खिडकीजवळून उचलून स्टेशनरीच्या खोलीला लागून ठेवलं, "तुम्हाला जरा शांतता मिळेल." डबा खाताना आमचा सहाजणींचा गोल असतो, मध्ये सगळे डबे उघडे. माझी वांग्याची भाजी आधी संपते, ही प्रसिद्ध गोष्ट. त्या महिन्यात ती संपेनाशी झाली. "अगं, तुला ताकद हवी, तूच खा." संक्रांतीला हळदीकुंकू झालं तेव्हा माझं वाण आणि तिळगूळ पाकिटात घालून टेबलावर ठेवलेला सापडला. "तू दमलेली असशील म्हणून बोलावलं नाही." मार्चचं क्लोजिंग, म्हणजे वर्षअखेरीचे हिशोब, अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे आलं नाही. "यंदा तब्येत सांभाळा, कामं होतच राहतात." आणि एप्रिलमध्ये इन्क्रिमेंटचं पत्र आलं. आकडा सांगत नाही. पण क्लोजिंग न करणाऱ्याला जेवढं मिळतं तेवढं मिळालं.

हे सगळं काळजीपोटी. भांडायचं कुणाशी? शिवी दिली तर उलट शिवी देता येते. काळजीला काय उलट देणार?

अशा गोष्टींवर ‘जनजागृती व्हायला हवी’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला नाही पटत. आमच्याकडे जागृती भरपूर होती. लेटरहेडवरचं पत्र सगळ्यांनी वाचलं होतं. आमच्यातल्या एकीचा नवरा एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, तिने घरी जाऊन विचारूनही घेतलं आणि मला सांगितलं, "हो गं, तुझा पसरणारा नाही म्हणे." असं म्हणून तिने स्वतःची चटणी माझ्या डब्यापासून वीतभर लांब सरकवली. २४ मार्चला, जागतिक क्षयरोग दिनाला, एचआरने पोस्टर लावलं, ‘टीबी हारेगा, देश जीतेगा’. लावलं कुठे, तर स्टेशनरीच्या खोलीच्या दारावर. माझ्या डोक्याच्या बरोबर वर. लावणाऱ्याच्या मनात काही नसेलही. पण त्या दिवशी जो येई तो आधी पोस्टर बघे, मग मला.

"लोकांना भीती वाटते, त्यात त्यांची काय चूक?" असं माझ्या सख्ख्या भावाने विचारलं. भीतीबद्दल माझी तक्रार नाही. टीबीला घाबरावं असाच रोग आहे. जगातल्या टीबीच्या पेशंटांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची जागा ठरलेली होती, आणि रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. बावीस पूर्ण नव्हती. तेव्हा औषधच नव्हतं. पण आज खरंच भीती वाटत असेल तर माणूस काय करेल? टीबी पसरतो तो हवेतून, फुफ्फुसाचा पेशंट खोकला-शिंकला की. भांड्यातून नाही, डब्यातून नाही, हात लागून नाही. म्हणजे भ्यायचंच असेल तर खिडक्या उघडायला हव्यात. आमच्या ऑफिसच्या खिडक्या एसी बसवल्यापासून बंद आहेत. त्या सहा महिन्यांत एकाने, अगदी एकाने, कडी काढली नाही. पेला मात्र वेगळा झाला.

अजून एक हिशोब. २०१९ ते २१ मध्ये देशभर टीबीची सरकारी पाहणी झाली. तिच्यात १५ वर्षांवरच्या लोकांपैकी साधारण ३१ टक्क्यांच्या शरीरात टीबीचा जंतू आढळला. झोपलेला. बहुतेकांना तो जन्मभर त्रास देत नाही. आमच्या अकाउंट्समध्ये नऊ जण. करा भागाकार.

तर ती भीती नव्हती. मग काय होतं, याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, विटाळ. पेला वेगळा ठेवा, हे कुठल्याही डॉक्टरने सांगितलेलं नाही. सरांनीही मावशींना फक्त "त्यांचं वेगळं ठेवा" एवढंच म्हटलं असणार. बाकी सगळं, खूण कशी करायची, कुठल्या फळीवर ठेवायचं, कशाने घासायचं, हे कुणाला शिकवावं लागलं नाही. आपल्या घराघरांत हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे, फक्त कुणासाठी वापरायचं तेवढं बदलतं.

आणि इथे मला माझीच लाज सांगायची आहे. एक दिवस पेला घ्यायला स्वतःच पँट्रीत गेले. माझा पेला सिलिंडरच्या मागच्या फळीवर होता. त्याच्या शेजारी एक कान तुटलेला मग. "हा कुणाचा?" "माझा," मावशी म्हणाल्या. अकरा वर्षं त्या आम्हाला चहा देतायत. त्या स्वतः कशात पितात हे मी अकरा वर्षांत बघितलं नव्हतं. त्यांना कुठलाही आजार नाही.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. २०१७ मध्ये आमच्या स्टोअरमधले एक मामा खोकायला लागले. आमच्याच पटावर होते, सहा-सात वर्षं जुने. वजन उतरलं, तपासणी झाली, टीबी निघाला, फुफ्फुसाचा. दोन आठवडे नीट औषध घेतलं की बहुतेकांचं पसरणं थांबतं, म्हणजे महिनाभर घरी बसवून परत घेता आलं असतं. शिवाय ते ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, होते. त्यांच्या पगारातून दरमहा १.७५ टक्के मीच कापत होते. ईएसआयमध्ये टीबीसारख्या लांबणाऱ्या आजारांसाठी वाढीव भत्ता असतो. पहिले ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के, त्यापुढे ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. आणि तो भत्ता चालू असताना ईएसआय कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे कामगाराला काढता येत नव्हतं. म्हणूनच त्यांना काढलं नाही. राजीनामा घेतला, ‘वैयक्तिक कारणास्तव’. टाइप केलेला होता, खाली त्यांनी जोडाक्षर चुकवत सही केली. मामांना यातलं काही माहीत नव्हतं. त्या बिल्डिंगमध्ये ज्या दोघा-तिघांना माहीत होतं, त्यांच्यातली एक मी.

मी काही बोलले नाही. फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशोब, काढला, रजेचे पैसे रुपयापर्यंत बरोबर लावले आणि चेक देताना म्हटलं, "मामा, तब्येतीची काळजी घ्या."

तोच शब्द.

माझा पेला वेगळा झाला तेव्हा दोन दिवस मी फक्त रडले. तिसऱ्या दिवशी मामांची जुनी फाइल काढली. नंबर लावून बघितला, बंद. पत्ता पेठ तालुक्यातल्या एका पाड्याचा होता. गेले नाही. का गेले नाही याची चार कारणं माझ्याकडे आहेत आणि चारही खोटी आहेत.

"कायद्याने काही करता येत नाही का?" असं विचारणाऱ्यांसाठी सांगते. एचआयव्हीसाठी २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्या आजारावरून नोकरीत भेदभाव करायला त्यात स्पष्ट मनाई आहे. टीबीसाठी असा वेगळा कायदा नाही. राज्य सरकारी नोकरीत असते तर रजा नियमांत क्षयरोगासाठी खास रजा आहे. ईएसआयची मर्यादा महिना २१,००० पगाराची, मी तिच्या वर. म्हणजे सरकारी नाही, ईएसआयमध्ये नाही. औषधं सरकारने फुकट दिली, पोषणासाठी महिना ५०० रुपये खात्यात आले (आता १००० येतात), आणि त्याबद्दल मी खरंच ऋणी आहे. पण टेबल कुठे ठेवलं, क्लोजिंग कुणाला दिलं, हे कुठल्या कलमात बसवू? त्यात घराचा हप्ता. नोकरी बदलायची म्हणून एका ठिकाणी इंटरव्ह्यूही दिला. फॉर्ममध्ये रकाना होता, ‘यापूर्वी क्षयरोग झाला होता का’. मी खरं लिहिलं. त्यांनी कळवतो म्हणून सांगितलं.

मे २०२३ मध्ये गोळ्या संपल्या. एचआरने फिटनेस सर्टिफिकेट मागितलं. डॉक्टर वैतागून म्हणाले, "पहिल्या दिवशी लिहून दिलं होतं तेच परत लिहू का?" आणि खरंच तेच लिहिलं, फक्त तारीख बदलून. ते पत्र चाललं. मानेवर आता सुपारीएवढी एक कडक गाठ उरली आहे, ती राहणार. टेबल हळूहळू खिडकीजवळ परत आलं. डब्याच्या गोलात मी परत आहे, वांग्याची भाजी परत संपते. कोण आधी हात घालतं आणि कोण शेवटी, हे माझ्या नजरेतून सुटत नाही. ही सवय मला नको होती.

चहाही परत कपात येतो. परवा पँट्रीत गेले तर मावशींचा तो तुटका मग दिसला नाही. फुटला म्हणाल्या. त्या ओट्याला टेकून चहा पीत होत्या, हातात माझा पेला. ठिपका अर्धा झिजलेला, पण होता.

मी म्हटलं, "मावशी, एवढे कप पडलेत, कपात घ्या ना."

"नको मॅडम," त्या म्हणाल्या. "यात जास्त मावतो."